तीनवारच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या

मध्यंतरी आमच्या जिन्यात एक बातमी चढली, की तीनवारनं आपलं एक मूत्रपिंड लिलावात काढलं, बोली चांगली आली म्हणून हावरटासारखं दुसरंही काढलं, आणि आता बसलाय मशीनच्या जिवावर. मला ही बातमी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यानं दिली. मी ती वरच्या मजल्यावर पोचवताना तिच्यात एक श्रीमंत म्हातारी घातली, कारण खरेदीदाराशिवाय लिलावाची बातमी अळणी लागते. संध्याकाळी तीच बातमी फिरून माझ्या दारात आली, तोवर म्हातारीच्या पदरात मृत्युपत्र आणि दोन भांडखोर सुना पडल्या होत्या.

यातलं काही म्हणजे काही खरं नव्हतं. तीनवारची मूत्रपिंडं कुणी फुकटसुद्धा उचलली नसती. या माणसाचा रक्तदाब तरुणपणापासून माडीवर चढून बसलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की हा म्हणायचा, "माझा आवाजच चढा आहे, दाब काय उतरणार?" आवाजाचा आणि दाबाचा काय संबंध ते त्याचं त्याला ठाऊक. शेवटी दाबानं दोन्ही मूत्रपिंडं खाऊन ढेकर दिला, तेव्हा कुठं महाराज डायलिसिसच्या खुर्चीत आडवे झाले.

तीनवार हे त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही, हे सांगायला नको. तो लिलाव पुकारतो. एक वार, दोन वार, तीन वार, आणि खाडकन हातोडी. जन्मभर हेच. पुढं आठवड्यातले तीन वार डायलिसिसला जायला लागला, तेव्हा नाव अगदी अंगाबरोबर शिवल्यासारखं बसलं.

आमचं दार समोरासमोर, त्यामुळं या गृहस्थाचा आवाज मी गेली कित्येक वर्षं भाडं न देता ऐकते आहे. आवाज मात्र आहे, तेवढं कबूल केलं पाहिजे. बाकी माणसात घेण्यासारखं काही नाही. उंची बेताची, पोट बेताबाहेरचं, आणि चेहरा असा, की जगातली प्रत्येक वस्तू त्याला कुणीतरी फसवून दाखवायला आणली आहे. मेलेल्या माणसांच्या घरातलं सामान विकणं हा त्याचा धंदा. चौथऱ्यावर उभा राहिला की म्हणायचा, "मंडळी, असं कपाट पुन्हा होणे नाही! लाकूड बघा, कोरीव काम बघा!" आणि घरी आला की त्याच कपाटाबद्दल बायकोला सांगायचा, "वाळवीनं चव घेतली आणि थुंकून टाकलं, असलं लाकूड. आणि ते गाढव हात वर करतंय, करतंय, करतंय!" माल टाकाऊ, घेणारे बावळट, देणारे लोभी आणि आपण तेवढे शहाणे. स्वतःच्या बायकोच्या हातच्या जेवणालाही तो लिलावातल्या मालासारखा हात लावायचा. दोन बोटांनी, नाक मुरडून.

ती बिचारी सोसत होती. डायलिसिस सुरू झाल्यापासून तिनं घरातलं मीठ मोजणीवर आणलं, भाज्या कापून पाण्यात भिजवायच्या, ते पाणी टाकायचं, मग शिजवायच्या, दूध अर्ध्यावर, डाळ अर्ध्यावर. हा ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि म्हणायचा, "हे काय शिजवलंयस की धुतलंयस?"

"दोन्ही," ती म्हणायची. "अहो, खा. गोळी घ्यायची आहे बरोबर."

गोळी तो घ्यायचा. त्याबाबतीत एकदम शिस्तीचा. ताटाच्या उजव्या हाताला गोळी, दोन घास, गोळी, एक घोट पाणी आणि उठला. बायकोला वाटायचं, चला, निदान एवढं तरी ऐकतो.

ही गोळी कसली, ते सांगते. मला हे सगळं सासूबाईंमुळं कळलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्याच डायलिसिसच्या खोलीत त्याच पाळीला असतात, आणि त्यांना नेणं-आणणं माझ्याकडं. मूत्रपिंडं बसली की खाण्यातला फॉस्फरस रक्तातच साठत राहतो. मशीन थोडा काढतं, सगळा काढत नाही. तो वाढला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून जेवताना एक गोळी घ्यायची. ती पोटात गेली की अन्नातल्या फॉस्फरसला मिठी मारते आणि त्याला घेऊन खालच्या वाटेनं बाहेर पडते. रक्तात जाऊच देत नाही. बसल्या जागी पहारा. मात्र चोर आणि पहारेकरी एकाच वेळी एकाच घरात असले पाहिजेत, नाहीतर पहाऱ्याचा उपयोग काय?

खोलीत एका रांगेत तीन खुर्च्या. एकीवर तीनवार, मधे सासूबाई, पलीकडं घड्याळवाला. हा घड्याळं दुरुस्त करणारा अत्यंत सज्जन माणूस, एका डोळ्याला भिंग लावून लावून त्याचा तो डोळा कायमचा बारीक झालेला. तिघांच्या हातातून रक्त नळीत, नळीतून मशीनमध्ये आणि परत. मशीन गुरगुरतंय, सिस्टर फिरतायत, आणि मधेच खाण्याचे डबे येतात. डबे आले की तिघांच्या गोळ्या बाहेर. आणि गंमत अशी, की तिघांच्या गोळ्या तीन तऱ्हेच्या.

झालं! तीनवारला आयतंच लिलावघर मिळालं.

"मंडळी!" तो आडव्याचा आडवा गर्जायचा. "लॉट पहिला. खुद्द माझी. कॅल्शियमची गोळी, दिसायला खडू, चवीला भिंत. जुनी, स्वस्त, कामसू. खोट एकच. जास्त झाली तर कॅल्शियम रक्तात चढतं आणि आतल्या नळ्यांना चुना लागतो. लॉट दुसरा! हेडबाईंची. लांबट, पांढरी, घोड्याला द्यावी एवढी. अख्खी गिळायची, चावलीत तर तोंडात फुगून बसेल. कॅल्शियमचं नाव नाही. पण मूठभर घ्याव्या लागतात आणि पोट असं बसतं, की उठता उठत नाही."

"माझ्या पोटाची जाहिरात तुम्हाला कुणी दिली?" सासूबाई चष्म्यावरून बघायच्या. त्या नजरेनं दोन पिढ्यांची मुलं बाकावर उभी राहिली आहेत.

"लॉट तिसरा! घड्याळसाहेबांची. चावून पीठ करायची. अख्खी गिळलीत तर फुकट गेली. संख्येनं कमी, दिमाख जास्त. आणि मळमळ मोफत."

"मला नाही होत मळमळ," घड्याळवाला हळूच म्हणायचा. "मला ती बरोबर चालते. ना पुढं, ना मागं."

"तुमच्यासारख्याला काहीही चालतं हो. तुम्ही बंद घड्याळाचीही वाट बघता."

असला हा माणूस. आणि खरी गंमत म्हणजे तिघांत फॉस्फरस चढलेला कुणाचा? याचाच. सासूबाईंचा ठीक, घड्याळवाल्याचा ठीक, आणि ज्याला तिन्ही औषधांचे गुणदोष तोंडपाठ, त्याचा आभाळाला टेकलेला. उंटावरचे शहाणे पाहिलेत. हा उंटासकट शहाणा. खाजेनं हैराण. लिलावाची हातोडी घरी आणायचा आणि तिच्या दांड्यानं पाठ खाजवत गॅलरीत उभा राहायचा. मी पलीकडून विचारायची, "भाऊजी, कितीला गेली पाठ?" मग तो आत जाऊन दार लावून घ्यायचा.

एकदा त्यानं डॉक्टरबाईंनाच गाठलं. या बाई कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा वाटतं, कमीच बोलतात ते बरं.

"डॉक्टरबाई, एकदाचं सांगून टाका. तिन्हीत भारी कुठली?"

"भारी कुठली ते अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फॉस्फरस तिन्ही उतरवतात. दुखणी तिघींची वेगळी, ती तुम्ही रोज ओरडून सांगताच. कुठल्या गोळीनं माणूस जास्त जगतो, याचा पक्का निकाल नाही. कॅल्शियम नसलेलीकडं पारडं थोडं झुकतं असं म्हणतात, पण मी शपथेवर सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही."

"मला काय माहीत नाही ते मला माहीत आहे. तुमचं तसं नाही. रोग्याला सोसते आणि रोगी खाण्याबरोबर घेतो, ती गोळी चांगली. तुम्ही घेता ना खाण्याबरोबर?"

"विचारा हिला!" त्यानं कोपऱ्यात बसलेल्या बायकोकडं बोट केलं. ती म्हणाली, "घेतात हो. माझ्यासमोर घेतात."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. मग खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागले की समजावं, बातमी उभ्यानं ऐकण्यासारखी नाही.

"तुमच्या गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "फॉस्फरस इतके दिवस चढा राहिला, त्यामुळं त्या पिसाळल्या आहेत. हाडांतून कॅल्शियम ओरबाडून काढतायत. पुढच्या तपासण्यांत आकडा खाली आला नाही, तर ऑपरेशन करून त्या काढाव्या लागतील."

"काढा की. ग्रंथींना बोली लावायला कोण येणार आहे?"

"काढतील. पण आवाजाची नस तिथूनच जाते. बहुतेकांना काही होत नाही. काहींचा आवाज घोगरा होतो. काहींचा बसतो. तुम्हाला काहीच होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही."

मी तीनवारला इतकी वर्षं ओळखते. त्याचा हात स्वतःच्या गळ्याकडं गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सासूबाईंनी पेपर वर धरला, पण पेपर उलटा होता.

लिलाववाल्याचा आवाज गेला तर राहिलं काय? एक पोट आणि एक हातोडी. त्याच्या कंपनीत दुसरा पुकारणारा नाही, आणि असता तरी यानं त्याला शिकू दिलं नसतं. घरी परतताना तो जिन्यात थांबला आणि बायकोला म्हणाला, "गोळी बोगस आहे."

झालं. नाचता येईना, अंगण वाकडं. मग सुरू झाला अंगणं बदलण्याचा कार्यक्रम. खडूची गोळी बंद करायला लावून त्यानं हेडबाईंची घोडागोळी मागून घेतली. सुरुवातीला "वा, काय माल आहे!" पोट दगडासारखं झालं, आकडा होता तिथंच. मग ती बोगस. "हेडबाई, तुमच्या गोळीनं फक्त तुमच्यासारखा चेहरा होतो, बाकी काही नाही." मग घड्याळवाल्याची चावायची गोळी. तिनं मळमळलं, आकडा आणखी वर. मग तीही बोगस, बनवणारे बोगस, रक्त तपासणारे आंधळे, आणि घड्याळवाला खोटारडा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. एकच माणूस या सगळ्यात कधी बोगस ठरला नाही.

सासूबाईंनी मात्र एक गोष्ट टिपली. डायलिसिसला बसण्याआधी वजन करतात, म्हणजे दोन खेपांमध्ये अंगात पाणी किती साठलं ते कळतं. तीनवार काट्यावर चढला की सिस्टर कपाळाला हात लावायची. "काका, काय पिता तरी काय?"

"हवा," तो म्हणायचा.

"हा माणूस घरी दोन घास खातो म्हणते याची बायको," सासूबाई मला कानात म्हणाल्या. "दोन घासांचं वजन एवढं? हा पेपर कुठंतरी फुटतोय, सूनबाई." वर्गात कॉपी पकडणाऱ्या बाईची नजर ती. पेन्शन मिळाली म्हणून मरते थोडीच.

फुटणारा पेपर मला सापडला, आणि तोही शोधायला न जाता. सासूबाईंना हाताची खुर्ची हवी होती, म्हणून मी त्याच्या लिलावघरात गेले. जुनं गोदाम. उंचावर जाळीच्या खिडक्या, खाली मेलेल्यांचे आरसे, पलंग, शिलाई मशीनं. बसायला ज्या खुर्च्या मांडल्या होत्या त्याही विकायच्याच. कुणी जरा ऐसपैस बसला की तीनवार वरून ओरडायचा, "साहेब, उठा! तुमच्या बुडाखालचा लॉट आला." मागच्या भिंतीला जुन्या फर्निचरचे व्यापारी हाताची घडी घालून उभे. त्यांच्या म्होरक्याला सगळे वाळवी म्हणतात. घरात लाकूड आहे आणि माणूस खोकतोय, एवढं कळलं की हा भेटायला फळं घेऊन जातो. वाळवी कुणाच्या तब्येतीची चौकशी करायला लागला, की घरच्यांनी कपाटांना कुलपं लावावीत.

चौथऱ्यावर तीनवारचं टेबल, टेबलाला खण. एक लॉट गेला की हमाल तो हलवणार, दुसरा आणणार. तेवढ्या वेळात खण उघडला. चांदीच्या कागदातला चीजचा तुकडा निघाला, गेला तोंडात. पुढचा लॉट पुकारला. हमाल हलले, खण उघडला, काळ्या कोल्ड्रिंकची बाटली निघाली, दोन मोठे घोट. पुन्हा लॉट. पुन्हा खण. वेफर्स. पुन्हा चीज. मी बघत राहिले. बाईसाहेब ज्याच्यासाठी भाज्यांना आंघोळी घालत होत्या, तो इथं खणाला तोंड लावून बसला होता! दिवसभर तो एका जागी जेवतच नव्हता. हातोडी पडली की घास, हातोडी पडली की घोट. जन्माची सवय. घरच्या ताटावर दोन घास म्हणजे पोट भरल्यावरचा देखावा. गोळी मात्र इमानदारीनं त्या देखाव्याबरोबर. खणात चीज होतं, वेफर्स होते, नॅपकिन होता. गोळी नव्हती.

लिलाव संपल्यावर मी गाठला. "भाऊजी, हे काय चाललंय? आणि गोळी?"

"गोळी जेवणाबरोबर," तो म्हणाला. "हे काय जेवण आहे? हे घशाचं तेल. चीजनं घसा मऊ राहतो, कोल्ड्रिंकनं धार येते."

"तेल तर तेल. त्याच्यावर एक गोळी टाकायला काय होतं?"

त्यानं मागच्या भिंतीकडं पाहिलं. वाळवी अजून उभा होता. आणि मग तीनवार कुजबुजला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा कुजबुजता आवाज ऐकला. गंजक्या बिजागरीसारखा होता. "हळू बोला वहिनी. इथं कुणाला माहीत नाही. डायलिसिसच्या दिवशी मी माल बघायला गावाबाहेर जातो, असं सांगितलंय. या चौथऱ्यावर मी गोळी तोंडात टाकली, की ही मंडळी उद्या टेप घेऊन माझ्या जिन्यात येतील, कपाटं मोजायला. मला ठाऊक आहे. मीच त्यांना असल्या घरांचे पत्ते देतो."

"इस्त्रीवाल्याला माहीत आहे, सगळ्या जिन्याला माहीत आहे..."

"जिना लिलावाला येत नाही. आणि हे कुणाला सांगू नका."

हे त्यानं मला सांगितलं. मला! यावरून त्याच्या अकलेचं माप काढावं.

आवाज वाचवण्यासाठी लपवाछपवी, आणि लपवाछपवीनंच आवाज जायची पाळी. मी घरी आले, सासूबाईंना सांगितलं, आणि त्यांचा चहा निवायच्या आत समोरच्या दारात जाऊन याच्या बायकोलाही सांगितलं. सासूबाई फक्त म्हणाल्या, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि आपण आपलं बंबाचा रंग कुठला चांगला यावर भांडतोय."

बायको धुतलेल्या भाजीची टोपली हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "मी इकडं त्यांना सोबत म्हणून दूध सोडलं गं." आणि टोपली ओट्यावर अशी आपटली, की लिलाव संपला असं मला वाटलं.

पुढच्या लिलावाला ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. माझ्याशिवाय ती जाणार कशी, म्हणून मीही. तीनवारनं तिला पाहिलं आणि एका फ्लॉवरपॉटला आरसा म्हणून पुकारलं. पहिला लॉट गेला. त्याचा हात सवयीनं खणाकडं गेला. बायकोनं हात वर केला.

लिलावात वर आलेला हात पुकारणाऱ्याला डावलता येत नाही. हा त्या धंद्यातला धर्म. यानंच तो इतरांना शिकवला होता. पण तेव्हा बोलीला काही नव्हतंच. सगळे बघायला लागले. त्यानं खण ढकलला, हात खाली आला. दुसरा लॉट गेला, खण उघडला, हात वर. खण बंद, हात खाली. तिसऱ्या वेळी हमालसुद्धा थांबले.

"बाई," तो चौथऱ्यावरून परक्यासारखा म्हणाला, "आपली बोली काय?"

ती उठली. पर्समधून डबी काढली. "अहो, खण उघडायचा तर आधी गोळी घ्या."

मागच्या भिंतीवरून वाळवी सुटला आणि दोन पावलं पुढं आला. आवाजात साखर. "अरेरे, तीनवार! तब्येत बरी नाही का? कधीपासून? सांगायचं नाही का हो? आलो असतो भेटायला. तुमच्या घरी ते मोठं कोरीव कपाट आहे ना, वडिलांच्या वेळचं? अजून आहे ना?"

तीनवारचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणी मला त्याची कीव येणार होती. मी वेळीच स्वतःला आवरलं. त्याच्या एका हातात हातोडी होती, दुसरा हात गळ्यावर. गळा तो चाचपत होता, बटण लागलंय का बघावं तसा. एका बाजूला ही सगळी गिधाडं आणि दुसऱ्या बाजूला त्या चार ग्रंथी. खाली बायको, डबी पुढं धरून. तिचा हात काही खाली येत नव्हता.

तो वाकला. गोळी घेतली. आणि दोन बोटांत धरून साऱ्या गोदामाला दाखवली.

"मंडळी!" आवाज असा फुटला, की जाळीवरची कबुतरं उडाली. "यादीबाहेरचा माल! चावायची गोळी! दोन्ही मूत्रपिंडं बसलेल्या माणसाची! चवीला भिंत, पोटाला शिक्षा! आहे कुणाची बोली? मागं, वाळवीशेठ? नाही? तुम्हाला लाकूड हवं, औषध नको? एक वार! दोन वार!" त्यानं खणातला चीजचा तुकडा तोंडात टाकला, त्याच्यावर गोळी. "तीन वार!" हातोडी खाडकन पडली आणि तो सगळ्यांसमोर कराकरा चावायला लागला. चावता चावताच म्हणाला, "कपाट आहे, वाळवीशेठ. ते विकायची वेळ आली तर पुकारणारा मीच असेन. तुमचा हात मला दिसणार नाही."

लोक हसले. वाळवी पुन्हा भिंतीला चिकटला. माझी हाताची खुर्ची त्या गोंधळात दुसऱ्याच कुणीतरी नेली, ते वेगळं.

डॉक्टरबाईंना सगळं कळलं, म्हणजे मी सांगितलं. त्यांनी तीनवारला असं झापलं, की मशीनसुद्धा गुरगुरायचं विसरलं. डबाबंद चीज आणि काळं कोल्ड्रिंक, दोन्हींत वरून घातलेला फॉस्फरस, तो सगळाच्या सगळा रक्तात जातो. त्याच्यापुढं जगातली कुठलीही गोळी एकटी पुरी पडणार नाही. खण रिकामा झाला. त्यात आता बायकोनं दिलेला डबा असतो, आणि डब्याला चिकटून गोळीची डबी. दोन लॉटच्या मधे तो तेच धुतलेलं अन्न खातो, नाक मुरडत, पण खातो. गोळी तीच, घड्याळवाल्याची, बोगस ठरलेली. मळमळ थोडी आहे. आकडा हळूहळू उतरला, पुढच्या तपासणीत आणखी उतरला, आणि डॉक्टरबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ऑपरेशन सध्या नको." उभ्यानं म्हणाल्या, म्हणजे खरंच नको.

घड्याळवाल्याची त्यानं माफी मागितली का? छे. त्याला म्हणाला, "तुमची गोळी बोगसच होती. माझ्याकडं आल्यावर सुधारली."

खाज गेली, पण हातोडी अजून घरी आणतो. परवा गॅलरीत उभा होता, गळा खाकरत. मला राहवेना. म्हटलं, "भाऊजी, जिनाभर एवढी बोंब केलीत, तिन्ही चाखून बसलात. आता तरी निकाल सांगा, तिन्हीत चांगली गोळी कुठली?"

तो म्हणाला, "खाण्याबरोबर घेतली की तिन्ही बऱ्या, वहिनी. तुमची जीभ बसवणारी एखादी आली तर कळवा, पहिली बोली माझी."